मूत्रपिंडदानाचा भार कोणावर?

गंगापूर तालुक्यात एखाद्याची ‘किडनी बदलली’ असे लोक सहज बोलून जातात. मोटारीचा झिजलेला भाग काढून तेथे नवा बसवावा तसे काहीतरी होत असावे, अशी कल्पना या शब्दप्रयोगामागे असते. वस्तुतः मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात बहुधा काहीच बदलले जात नाही. निकामी झालेली दोन्ही मूत्रपिंडे जागच्या जागी राहू दिली जातात आणि दुसऱ्या कोणाचे तरी तिसरे मूत्रपिंड ओटीपोटाच्या एका बाजूस, जांघेच्या वर ठेवले जाते. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना त्याच्या रक्तवाहिन्या जोडतात आणि त्याची मूत्रवाहिनी मूत्राशयात सोडतात. शल्यविद्येच्या दृष्टीने हे आता नवलाचे राहिलेले नाही. परंतु ‘बदलली’ या क्रियापदाने एक प्रश्न झाकला जातो, आणि तोच या साऱ्या विषयाचा गाभा आहे. हे तिसरे मूत्रपिंड आले कोठून? महाराष्ट्रात, आणि सबंध देशातही, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा रुग्णाच्या घरातच सापडते. ते आईचे असते, किंवा पत्नीचे.

मूत्रपिंडाचा विकार फार काळ बोलत नाही. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची दोन प्रमुख कारणे. दोन्ही विकार वर्षानुवर्षे अंगावर काढले जातात आणि पायांवर सूज येऊन धाप लागू लागली म्हणजे रक्त तपासले जाते, तोवर मूत्रपिंडांची शक्ती दहा-पंधरा टक्क्यांवर आलेली असते. मग डायलिसिस सुरू होते. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास, शरीरातील रक्त यंत्रातून फिरवून स्वच्छ करून परत देणे, असे हे उपचार आहेत. केंद्र शासनाने २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला, राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही हे उपचार येतात, आणि त्यामुळे यंत्राचा खर्च पुष्कळांच्या डोक्यावरून उतरला, हे मान्य केले पाहिजे. पण छत्रपती संभाजीनगर गंगापूरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. उपचारांसाठी तेथे जावे लागले तर रुग्णाचा आणि त्याच्यासोबत येणाऱ्याचा पुरता दिवस जातो. वाळूजच्या कारखान्यात रोजंदारीवर असलेल्या माणसाने आठवड्यातून तीन दिवस घरी राहिल्यावर त्याची नोकरी किती दिवस टिकणार? कापूस वेचणीला आला असता त्याच्या घरातली दुसरी धडधाकट व्यक्ती रुग्णालयाच्या बाकावर बसून राहणार, याचा हिशेब कोणत्याही योजनेत नाही. कायगावपाशी नाथसागराचे पाणी जिथवर नजर जाईल तिथवर पसरलेले असते आणि त्या काठच्या गावातील रुग्णाला मात्र दिवसाचे पाणी पेल्याने मोजून प्यावे लागते. डायलिसिस माणसाला जगवते, पण मूत्रपिंडाचे काम पुरते करीत नाही. म्हणून प्रत्यारोपणाचा विषय निघतो, आणि तो निघाला की घरातील माणसे एकमेकांकडे पाहू लागतात.

या शास्त्राचा इतिहास फार जुना नव्हे. बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी २३ डिसेंबर १९५४ रोजी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात बसविले आणि ते चालले. एकाच बीजातून जन्मलेल्या भावांची शरीरे एकमेकांना परकी मानीत नाहीत, म्हणून ते चालले. इतरांच्या बाबतीत शरीराची संरक्षक व्यवस्था नव्या अवयवावर शत्रूसारखी तुटून पडते. तिला आवर घालणारी औषधे १९६० नंतरच्या दशकात हाती येऊ लागली आणि १९८० नंतर सायक्लोस्पोरिनने चित्रच पालटले. भारतात पहिला प्रयत्न मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ मध्ये झाला. ते मूत्रपिंड मृत दात्याचे होते आणि रुग्ण फार दिवस जगला नाही. देशातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले, ते जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे. जो मार्ग वेल्लोरने यशस्वी करून दाखविला तोच पुढे राजमार्ग झाला, यात अस्वाभाविक असे काही नाही. अस्वाभाविक आहे ते हे की, वैद्यकाने दुसरा मार्ग तितकाच सुकर करून दिल्यावरही पाच दशकांनंतर देश त्या एकाच मार्गाने चालतो आहे. २०२३ मध्ये भारतात तेरा हजारांवर मूत्रपिंडे प्रत्यारोपित झाली. त्यांतील दीड हजारांच्या आसपासच काय ती मृत दात्यांची होती. बाकीची सर्व चालत्याबोलत्या माणसांच्या शरीरांतून काढलेली.

ही चालतीबोलती माणसे कोण, हे राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेच्या आकड्यांवरून कळते. २०२३ मधील सर्व अवयवांच्या जिवंत दात्यांत ९,७८४ स्त्रिया होत्या आणि ५,६५१ पुरुष. घेणाऱ्यांचा आकडा याच्या अगदी उलट दिशेने जातो. १९९५ ते २०२१ या काळातील नोंदलेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी स्त्रियांच्या वाट्याला आली ती ६,९४५. म्हणजे पाचात एकदेखील नव्हे. मूत्रपिंडे स्त्रियांची बिघडत नाहीत, असे कोणी म्हणू शकणार नाही.

येथे एक वैद्यकीय कारण सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पतीपासून गर्भ राहिलेल्या स्त्रीच्या रक्तात कधी कधी पतीच्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झालेली असतात. अशा वेळी पत्नीचे मूत्रपिंड पतीला चालते, पण पतीचे पत्नीला चालत नाही. परंतु या एका कारणाने एवढी दरी पडणार नाही. ज्या स्त्रीचे मूत्रपिंड निकामी झाले आहे तिला भाऊ असतो, बाप असतो, आणि या नात्यांना तो नियम लागू नाही. खरे कारण घरोघर ठाऊक आहे. कमावत्या पुरुषाच्या पोटाला चीर नको, उद्या त्याला जड काम करता आले नाही तर घर कसे चालणार, असा विचार होतो. शेतात खुरपणाऱ्या, गुरांचे करणाऱ्या आणि दोन वेळची चूल पेटविणाऱ्या बाईचे काम हे जणू हलके काम आहे! कायद्याप्रमाणे दात्याची संमती घेतली जाते, तिला स्वतंत्रपणे प्रश्न विचारले जातात, तिचे म्हणणे नोंदले जाते. ‘स्वखुशीने देते आहे’ असे ती सांगते आणि ते बहुधा खोटेही नसते. मुलगा डोळ्यांदेखत खचत असताना कोणती आई स्वखुशीने देणार नाही? पण जिथे नाही म्हणण्याला जागाच ठेवलेली नसते, तिथे हो म्हणण्याला किती वजन द्यायचे, हे ठरविणारा रकाना कोणत्याही अर्जात नाही.

नीट तपासून निवडलेला दाता एका मूत्रपिंडावर दीर्घकाळ निरोगी जगू शकतो, हे निर्विवाद आहे. तेव्हा जिवंत माणसाने दान करू नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तथापि त्या दात्याने दर वर्षी रक्तदाब आणि रक्त तपासून घेतले पाहिजे, असे वैद्यक सांगते. गावी परतलेल्या आईची ही तपासणी कोण करून घेतो? ज्याला मूत्रपिंड मिळाले त्याच्या औषधांच्या वेळा सारे घर सांभाळते, आणि जिने दिले ती टाके निघाले की कामाला लागते.

महाराष्ट्राला या विषयात कायद्याची उणीव कधीच नव्हती. उलट, १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने केला तो महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केल्यामुळे. त्याआधी मूत्रपिंडांचा उघड बाजार भरत होता आणि मुंबई त्या बाजारातील एक मोठी पेठ होती. तो मोडण्यासाठी कायद्याने विक्री गुन्हा ठरविली आणि जवळच्या नातेवाईकांना मोकळा दरवाजा ठेवला. आईवडील, मुले, भावंडे आणि पतिपत्नी हे ते नातेवाईक, आणि २०११ च्या दुरुस्तीने त्यांत आजी-आजोबा आणि नातवंडे आली. बाकी कोणालाही प्राधिकार समितीपुढे जाऊन आपण प्रेमापोटी देत आहोत, पैशासाठी नव्हे, हे पटवावे लागते. हेतू उत्तम होता. परंतु दलालांनी एवढेच ओळखले की, आता मूत्रपिंडाबरोबर नातेही विकत घेतले की काम भागते. २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये पुण्यात जी प्रकरणे गाजली, त्या दोन्हींत रुग्णाची पत्नी म्हणून कागदोपत्री उभी केलेली स्त्री त्याची पत्नी नव्हती, असा आरोप होता. लबाडी करतानाही दलालांना पत्नीच उभी करावीशी वाटली, कारण पत्नीने मूत्रपिंड देण्यात कोणालाच काही विशेष वाटत नाही.

विकणारा कोण असतो, हे विदर्भाने दाखविले आहे. अमरावती जिल्ह्यातील शिंगणापूरच्या शेतकऱ्यांनी २००६ मध्ये आपल्या गावात ‘किडनी विक्री केंद्र’ उघडल्याचे जाहीर केले होते. तो निषेधाचा प्रकार होता, पण २०१५ च्या अखेरीस अकोल्यात उघडकीस आलेल्या प्रकरणात सावकारी कर्ज आणि मूत्रपिंड यांची सांगड निषेधापुरती राहिली नव्हती. कायद्याने विकत घेणाऱ्याबरोबर विकणाऱ्यालाही गुन्हेगार केले आहे. शिक्षा पाच ते दहा वर्षांची आणि दंड वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत. त्यामुळे ठरलेले पैसे दलालाने बुडविले तरी फसलेला माणूस पोलिसांकडे जाण्यास धजत नाही. अशी प्रकरणे बाहेर आली की समित्या अधिक कागद मागतात, खरी आई खेटे घालीत राहते, आणि ज्याला खोटे कागद करता येतात त्याचे काही अडत नाही.

या साऱ्यातून सुटण्याची वाट मृत दात्याच्या मूत्रपिंडांची आहे. मेंदूला जबर मार बसून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन मेंदूचा खोडाचा भाग कायमचा निकामी झाला, तर तो माणूस मेलेला असतो. कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रामुळे त्याचे हृदय काही काळ चालते, छाती वर-खाली होते, अंग गरम लागते, आणि म्हणून नातेवाइकांना मरण पटत नाही. कायद्याने यासाठी काळजी घेतली आहे. चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने, दोनदा चाचण्या करून हा मृत्यू प्रमाणित करावयाचा असतो, आणि अवयव काढणाऱ्या किंवा बसविणाऱ्या डॉक्टरांना त्या मंडळात स्थान नसते. बुबुळांवर प्रकाश टाकून पाहतात, घशातील प्रतिक्षेप तपासतात, आणि शेवटी यंत्र थोडा वेळ बाजूला करून स्वतःचा एखादा तरी श्वास उमटतो का, हे पाहतात. बेशुद्ध पडून राहिलेला माणूस आणि हा माणूस यांत फरक आहे. बेशुद्ध माणूस परत येऊ शकतो. अशा एका दात्याची दोन मूत्रपिंडे दोन माणसांना डायलिसिसमधून सोडवू शकतात. हृदयाला चारेक तासांत दुसरे शरीर मिळावे लागते, मूत्रपिंड मात्र बर्फात एक दिवस, प्रसंगी त्याहूनही थोडे अधिक, तग धरते. म्हणजे मराठवाड्यासारख्या लांबवर पसरलेल्या प्रदेशासाठी सर्वांत सोयीचा अवयव हाच.

गंगापूर तालुक्यातून वाळूजमार्गे पुण्याकडे जाणारा रस्ता जातो आणि लासूरच्या बाजूने समृद्धी महामार्ग जातो. या रस्त्यांवर डोक्याला मार लागलेली तरुण माणसे शहरातील घाटी रुग्णालयात किंवा खासगी अतिदक्षता विभागांत पोहोचतात. त्यांतील ज्यांना वाचविता येत नाही, त्यांच्यापैकी किती जणांच्या मेंदूचा मृत्यू रीतसर तपासला जातो? राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय समन्वय केंद्रे आहेत. मराठवाड्यातील दात्याचे हृदय २०१६ च्या प्रारंभी विमानाने मुंबईस पोहोचले, तेव्हा रस्ते मोकळे करणाऱ्या पोलिसांपासून परिचारिकांपर्यंत सर्वांनी ते काम चोख केले होते. म्हणजे येथे हे होऊ शकते, याविषयी शंका नाही. तरीही ते अपवाद म्हणून होते.

लोकांची दानत नाही, असे याचे कारण देण्याची पद्धत आहे. दर वर्षी ३ ऑगस्टला, जो २०२३ पासून राष्ट्रीय अवयवदान दिन म्हणून पाळला जातो, प्रतिज्ञापत्रे भरून घेतली जातात आणि भाषणांत दधीची ऋषींचे स्मरण होते. काशीहून आणलेली गंगेची कावड वाटेतल्या तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी करणाऱ्या नाथांचे पैठण येथून दूर नाही. या लोकांना परोपकार शिकविण्याची गरज आहे, असे वक्त्यांना का वाटावे, हे कळत नाही. प्रतिज्ञापत्राने मूत्रपिंड मिळत नाही. व्यवहारात अखेरचा शब्द नातेवाइकांचा असतो, आणि त्यांना कोणी विचारलेच नाही तर ते देणार कसे? २०११ च्या दुरुस्तीने अतिदक्षता विभागातील डॉक्टरांवर हे विचारण्याचे कर्तव्य टाकले आहे. राज्य शासनाने २०१२ मध्येच मेंदूचा मृत्यू प्रमाणित करण्याविषयी आदेश काढला होता. पण हे काम वेळखाऊ आहे, नातेवाइकांचा रोष ओढवण्याचे भय आहे, आणि न केल्यास कोणी जाब विचारीत नाही. शिवाय, या देशात मेंदूच्या मृत्यूची सविस्तर तरतूद अवयवदानाच्या कायद्यातच आहे. नातेवाइकांनी दानास नकार दिला तर तोच माणूस जणू पुन्हा जिवंत ठरतो आणि यंत्र चालू ठेवले जाते. मेलेला माणूस दान केल्यासच मेलेला, असा अर्थ लोकांनी घेतला आणि त्यांना संशय आला, तर दोष लोकांचा नाही.

व्यवस्था केली तर काय होते, हे पाहण्यास फार दूर जावे लागत नाही. १९५६ पर्यंत गंगापूर आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. त्या हैदराबादेतून चालणाऱ्या तेलंगणाच्या ‘जीवनदान’ कार्यक्रमात २०२३ मध्ये २५२ मृत दात्यांचे अवयव मिळाले. महाराष्ट्रात त्याच वर्षी दाते दीडशेच्या आत होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तेलंगणाची लोकसंख्या साडेतीन कोटी आणि महाराष्ट्राची सव्वाअकरा कोटी आहे. मोठी रुग्णालये हैदराबादेत एकवटलेली असल्याचा लाभ तेलंगणास मिळतो, हे खरे. पण मुंबई-पुण्यात रुग्णालये कमी आहेत काय? तमिळनाडूने २००८ मध्ये एकापाठोपाठ शासकीय आदेश काढून रुग्णालयांना या कामाला लावले, आणि अवयवदान करणाऱ्यांच्या अंत्यविधीस शासकीय मानवंदना देण्याचे २०२३ मध्ये ठरविले. स्पेनचे उदाहरण जगभर दिले जाते, पण त्यातील मर्म बहुधा सांगितले जात नाही. तेथील कायदा नकार न नोंदविणाऱ्यास संमत मानतो, असे १९७९ पासून आहे. दाते वाढले ते मात्र १९८९ नंतर, राष्ट्रीय संघटना स्थापन होऊन रुग्णालयारुग्णालयांत समन्वयक नेमले गेले तेव्हा. आणि कायदा काहीही म्हणो, तेथे नातेवाइकांना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. स्पेनमध्ये दहा लाख लोकांमागे वर्षाला पन्नासच्या जवळपास दाते मिळतात. भारतात हा आकडा एकाच्याही खाली आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघटनेने राज्यांना सूचना केली की, प्रतीक्षायादीवरील स्त्रियांना आणि पूर्वी ज्यांच्या घरातून मृत व्यक्तीचे अवयवदान झाले आहे अशा नातेवाइकांना अधिक गुण द्यावेत. सूचना स्वागतार्ह आहे, कारण ज्या स्त्रीला घरातून मूत्रपिंड मिळत नाही तिला ही यादी हाच आधार आहे. पण यादीत वर सरकून काय होणार, जर त्या यादीला येणारी मूत्रपिंडेच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील? जन आरोग्य योजनेतील मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला, तोही चांगलाच. औषधे जन्मभर घ्यावी लागतात आणि मर्यादा ठरलेली असते, हा भाग तूर्त बाजूला ठेवू.

अपघाती मृत्यूत पंचनामा आणि शवविच्छेदन टळत नाही. पूर्वी सूर्यास्तानंतर शवविच्छेदन होत नसे आणि दान करू पाहणाऱ्या कुटुंबास आणखी एक रात्र ताटकळावे लागे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ही अडचण दूर केली आणि अवयवदानाच्या प्रकरणांना प्राधान्य द्यावे, असेही सांगितले. ही गोष्ट प्रत्येक पोलीस ठाण्याला आणि रात्रपाळीवरील प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला ठाऊक आहे काय, हे जिल्हा प्रशासनाने विचारून पाहावे. जिल्ह्यातील प्रत्येक अतिदक्षता विभागाने महिन्याला किती रुग्णांचा मेंदूमृत्यू तपासला, किती नातेवाइकांना विचारले आणि त्यांनी काय उत्तर दिले, एवढे तीन आकडे जरी विभागीय केंद्राने दर महिन्याला प्रसिद्ध केले, तरी कोणते रुग्णालय विचारीत नाही ते उघड होईल. समन्वयकाची जागा कागदावर आहे की तेथे माणूस बसला आहे, हेही कळेल. याला नवा कायदा लागत नाही आणि निधीही फारसा लागत नाही. आणि जिवंत दात्यांसाठी, म्हणजे बहुतांशी स्त्रियांसाठी, वार्षिक तपासणीची नोंद त्यांच्याच तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात ठेवली गेली, तर संभाजीनगरला जाण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडविण्याची पाळी गंगापूरच्या आईवर येणार नाही.